पुढे सुसाट, ब्रेक मात्र वेगळे घ्या: प्रशिक्षक ओवेन कॉयलच्या सेवेचा रिव्ह्यू

इंडियन सुपर लीगमधल्या फुटबॉल क्लबांनी ओवेन कॉयलची सेवा तीनदा घेतली. चेन्नईयिनने डिसेंबर 2019मध्ये, जमशेदपूरने 2020मध्ये आणि पुन्हा चेन्नईयिनने 2023मध्ये. त्याआधी पुण्याच्या व्यंकीजच्या मालकीच्या, इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्न रोव्हर्सनेही ती घेऊन पाहिली होती. चारही करारांचा हिशेब मांडला तर हाती लागतं ते असं: एक उपविजेतेपद, एक लीग शील्ड (साखळीत अव्वल राहणाऱ्याला मिळते ती), एक अकरावा क्रमांक आणि एक करार नऊ महिनेही न टिकलेला. एकाच माणसाच्या नावावर एवढा चढउतार कसा? माणूस दरवेळी तोच होता, पद्धतही तीच. त्याच्या हाती दिलेली सामग्री तेवढी बदलत गेली. तेव्हा हा प्रशिक्षक कुठे बसतो आणि कुठे बसत नाही, एवढंच इथे तपासू.

आधी मूळ बनावट. जन्म 14 जुलै 1966, ग्लासगोला लागून असलेल्या पेझ्लीचा. घरची मुळं आयर्लंडच्या डोनेगलमधली, त्यामुळे स्कॉटलंडमध्ये वाढूनही त्याचा एकमेव आंतरराष्ट्रीय सामना आयर्लंडकडून आहे, 1994मध्ये नेदरलँड्सविरुद्ध, तोही बदली खेळाडू म्हणून. डम्बार्टनपासून सुरुवात, मग क्लाइडबँक, एअरड्री, बोल्टन, डंडी युनायटेड, मदरवेल, डनफर्मलिन आणि पुढे आणखी बरेच. जात अस्सल स्ट्रायकरची. चेंडू घेऊन चौघांना चकवणं हे त्याचं काम नव्हतं. बचावपटूच्या खांद्याआड उभं राहायचं आणि चेंडू आला की पहिल्या स्पर्शात मारायचा, हे होतं.

या खेळाडूचे दोन गोल लक्षात ठेवावेत, कारण पुढचा प्रशिक्षक त्यातच दिसतो. 1995ला वरच्या श्रेणीत जाण्यासाठीच्या प्ले-ऑफ फायनलमध्ये वेम्बलीवर बोल्टन रेडिंगविरुद्ध 0-2ने मागे होतं, वर पेनल्टीही विरोधात गेली होती. गोलरक्षकाने ती अडवली आणि 75व्या मिनिटाला पहिला गोल फेडला तो कॉयलने. बोल्टन जादा वेळेत 4-3ने जिंकून प्रीमियर लीगमध्ये गेलं. पुढच्याच वर्षी डंडी युनायटेडला पार्टिक थिसलविरुद्धच्या प्ले-ऑफमध्ये जादा वेळेत वर चढवणारा गोलही त्याचाच. सामना हातातून गेला असं सगळ्यांना वाटत असताना आणखी एक माणूस पुढे ढकलायचा, ही सवय तिथली आहे. प्रशिक्षक झाल्यावर ती सुटली नाही. क्लबांना तिचा फायदा झाला तसा तिचा फटकाही बसला.

सेवेचा गाभा सांगायचा तर पहिलं काम आघाडीचं. कॉयल येतो तेव्हा बहुतेकदा संघाचे गोल आटलेले असतात. चेन्नईयिनचं उदाहरण जवळून पाहण्यासारखं आहे, कारण एकाच हंगामात 'आधी' आणि 'नंतर' दोन्ही मिळतात. 2019-20मध्ये पहिल्या 4 सामन्यांत या संघाला एकही गोल करता आला नव्हता. 6 सामन्यांत 5 गुण, 4 गोल, आणि आधीचा प्रशिक्षक जॉन ग्रेगरीची रजा. कॉयल आल्यावर उरलेल्या 12 सामन्यांत 24 गुण आणि 28 गोल. खेळाडू जवळजवळ तेच. बदल झाला तो जागांचा. लिथुएनियाच्या नेरियस वाल्स्किसला डीमधून (गोलसमोरच्या पेनल्टी चौकटीतून) बाहेर येऊन चेंडू मागायचं काम उरलं नाही. ते राफाएल क्रिवेलारोकडे गेलं. अनिरुद्ध थापाला मागे अडकवून न ठेवता पुढे धाव घ्यायची मोकळीक मिळाली. लालियानझुआला छांगटेला एकच हुकूम दिसत होता: चेंडू मिळाला की समोरच्या फुलबॅकवर, म्हणजे कडेच्या बचावपटूवर, थेट धाव. वाल्स्किसने हंगामात 15 गोल करून सर्वाधिक गोलांचा गोल्डन बूट नेला आणि छांगटे पुढे मुंबई सिटीत जाऊन देशातला पहिल्या क्रमांकाचा विंगर झाला.

मुंबईकरांना हा हंगाम आठवत असेल तर तो अंधेरीच्या मुंबई फुटबॉल अरीनावरच्या फेब्रुवारी 2020मधल्या सामन्यामुळे. प्ले-ऑफची चौथी जागा मुंबई सिटी घेणार की चेन्नईयिन, एवढाच प्रश्न होता. शेवटच्या काही मिनिटांत गोल केला लुचियान गोयानने, म्हणजे मुंबईच्याच जुन्या कप्तानाने. 1-0. मुंबई बाहेर, चेन्नईयिन आत. सेंटर-बॅक, म्हणजे मधला बचावपटू, विरोधी डीमध्ये काय करत होता, असं विचारणाऱ्याला कॉयलचा संघ अजून कळलेला नाही.

दुसरी जमेची बाजू बादफेरीतली. लांबच्या साखळीपेक्षा एकेका रात्रीचे सामने या माणसाला जास्त मानवतात. स्कॉटलंडच्या सेंट जॉनस्टनला घेऊन त्याने 2006मध्ये लीग कपात रेंजर्सला त्यांच्याच आयब्रॉक्सवर 2-0 हरवलं, तेही खालच्या श्रेणीतल्या संघासह. 2008-09मध्ये बर्नलीने लीग कपात फुलहॅम, चेल्सी आणि आर्सेनल अशी तीन प्रीमियर लीगची घरं पाडली. उपांत्य फेरीत टॉटनहॅमकडून पहिला सामना 1-4 हरल्यावर घरी 90 मिनिटांत 3-0 करून हिशेब बरोबरीत आणला. तेव्हाच्या नियमाप्रमाणे बरोबरी असेल तर परक्या मैदानावरचा गोल जादा वेळ संपल्यावर मोजला जायचा, म्हणजे 30 मिनिटं तसंच काढलं असतं तर बर्नली वेम्बलीत होतं. शेवटच्या दोन-तीन मिनिटांत दोन गोल खाल्ले. एकूण 4-6. पुढची कैक वर्षं याच गोष्टीची पुनरावृत्ती होत राहणार होती, म्हणून तेवढी मिनिटं ध्यानात ठेवा.

त्याच हंगामात बर्नलीने एकूण 61 सामने खेळून, शेफील्ड युनायटेडला 1-0 हरवून, 33 वर्षांनी वरच्या श्रेणीत पाऊल ठेवलं. गोल वेड इलियटचा, तारीख 25 मे 2009. ऑगस्टमध्ये घरच्या टर्फ मूरवर रॉबी ब्लेकच्या गोलने मँचेस्टर युनायटेडलाही 1-0 हरवलं. छोट्या गावाच्या क्लबला यापेक्षा मोठा परतावा कोण देणार? अडचण एवढीच की करारातला माणूस जानेवारी 2010मध्ये उठून शेजारच्या बोल्टनला गेला आणि बर्नली त्याच हंगामात परत खाली आलं. ज्यांना ही सेवा दीर्घ मुदतीसाठी हवी आहे त्यांनी हे पान वाचूनच पुढे जावं. दुसरी बाजूही सांगायला हवी: त्याआधीच्या उन्हाळ्यात सेल्टिककडून बोलावणं असताना तो बर्नलीतच थांबला होता.

आता ब्रेकचं, म्हणजे बचावाचं. कॉयलच्या रचनेत दोन्ही फुलबॅक वर जातात, विंगर आत येतात आणि मधल्या फळीतला निदान एक जण डीच्या तोंडापर्यंत पोचतो. चेंडू विरोधी डीजवळ गेला तर मागे उरतात दोन सेंटर-बॅक आणि एक थांबलेला मिडफिल्डर. हे तिघे चपळ आणि जाणते असतील तर गाडी निभते. त्यातला एक जरी हळू असेल, तर फुलबॅकने सोडलेल्या मोकळ्या पट्ट्यात समोरचा विंगर उतरतो आणि सेंटर-बॅकला डीमधली जागा सोडून बाजूला ओढतो. गोल होतो तेव्हा टीव्हीवर चूक सेंटर-बॅकची दिसते. खरी गळती 40 मीटर आधी झालेली असते.

चेन्नईयिनचेच आकडे घ्या. साखळीत कॉयलच्या 12 सामन्यांत 16 गोल खाल्ले, म्हणजे वाईट नाही. प्ले-ऑफच्या 3 सामन्यांत 8 खाल्ले. एफसी गोवाविरुद्ध चेन्नईत 4-1 जिंकून संघ फातोर्ड्याला आला आणि 21 मिनिटांत 0-2ने मागे पडला. एकूण धावफलक 4-3. अशा वेळी बहुतेक प्रशिक्षक दार लावून बसतात. कॉयलचा संघ पुढेच गेला. छांगटे 52व्या मिनिटाला, वाल्स्किस 59व्याला, सामना 2-2, आणि त्यानंतर गोव्याने आणखी दोन मारूनही एकूण 6-5ने चेन्नईयिन फायनलमध्ये. गोव्याच्या प्रेक्षकांना ती संध्याकाळ अजून टोचते, कारण साखळीत अव्वल राहून शील्ड घेतलेला तो संघ होता. आठवड्याने त्याच फातोर्ड्यावर, 14 मार्च 2020ला, कोविडमुळे रिकाम्या स्टँडसमोर एटीकेने चेन्नईयिनला 3-1 हरवलं. 1-2 असताना बरोबरीसाठी सगळे पुढे गेले आणि जादा मिनिटांत हावी हर्नांडेझने मोकळ्या मैदानात तिसरा घातला. टॉटनहॅमची तीच शेवटची मिनिटं, फक्त आता अरबी समुद्राच्या काठावर.

जमशेदपूरचा करार मात्र पैसा वसूल, आणि का वसूल हेही स्पष्ट दिसतं. पहिल्या हंगामात 27 गुण, सहावा क्रमांक, काही विशेष नाही. दुसऱ्या हंगामात, 2021-22ला, 20 सामन्यांत 43 गुण, 42 गोल केले आणि 21 खाल्ले. गुणांचा तो तेव्हाचा लीगमधला विक्रम. यात आघाडीचं श्रेय ग्रेग स्ट्युअर्टला जातं, स्कॉटलंडहून आणलेला डावखुरा, 10 गोल आणि 10 असिस्ट (गोलआधीचे पास). ब्रेक मात्र या वेळी आधीच बसवलेले होते: कप्तान पीटर हार्टली आणि एली साबिया ही सेंटर-बॅकची जोडी, मागे टी. पी. रेहनेश, समोर थांबायला प्रणय हालदर. हार्टली धावण्यात वेगवान नव्हता, पण चेंडू कुठे पडणार हे त्याला दोन सेकंद आधी कळायचं. कॉयलच्या पद्धतीला असाच माणूस लागतो.

जानेवारीतला फेरबदलही शिकण्यासारखा. वाल्स्किससारखा सिद्ध गोलकर्ता हंगामाच्या मध्यावर चेन्नईयिनला गेला आणि त्याच्या जागी ईस्ट बंगालमध्ये फारसा न चाललेला डॅनिएल चिमा आला. कागदावर तोट्याचा सौदा. पण चिमा उभ्या रेषेत धावतो, बचावफळीला मागे रेटतो, आणि त्याने रिकामी केलेली जागा स्ट्युअर्टला मिळते. सलग 7 विजय त्या हंगामाच्या उत्तरार्धातले. शेवटच्या दिवशी, 7 मार्च 2022ला फातोर्ड्यावर, एटीके मोहन बागानविरुद्ध बरोबरीही पुरली असती. तरी दुसऱ्या हाफमध्ये रित्विक दासला पुढे सोडून 1-0 जिंकलं आणि शील्ड घेतली.

एक सूट इथे द्यायला हवी. तो सगळा हंगाम कोविडमुळे गोव्याच्या बायो-बबलमध्ये, म्हणजे बाहेरच्यांपासून तोडून ठेवलेल्या व्यवस्थेत झाला: फातोर्डा, बांबोळी, वास्कोचं टिळक मैदान. विमानप्रवास नाही, परक्या मैदानाचा गोंगाट नाही. धावपळीच्या खेळाला प्रवासाचा थकवा फार लागतो आणि तो खर्च त्या वर्षी शून्य होता. शील्डचं मोल त्याने कमी होत नाही, पण घरच्या-परक्या हंगामात हेच यंत्र तितकंच पळेल असं धरून चालू नये. आणि बादफेरीत त्या वेळी तेही पळालं नाही: केरळ ब्लास्टर्सकडून पहिला सामना 0-1, दुसरा 1-1, खेळ खलास. आघाडी घेतलेला संघ मागे दाट उभा राहिला की कॉयलकडे दुसरी चावी नसते. मग क्रॉस, आणखी क्रॉस, आणि उंच सेंटर-बॅकला पुढे पाठवणं.

बिघाड कशाने होतो, याचे सगळ्यात स्वच्छ नमुने इंग्लंडमध्ये सापडतात. बोल्टनमध्ये सुरुवात छान झाली. योहान एल्मांडर आधीच्या दोन हंगामांत लीगमध्ये 5 आणि 3 गोलांवर अडकला होता, कॉयलकडे त्याने 10 केले. जॅक विल्शर आणि डॅनिएल स्टरिज ही उसनी पोरं त्याच्याकडे आली आणि स्टरिजने तर 12 सामन्यांत 8 गोल मारले. मग सुटे भाग एकेक करून गेले. एल्मांडर गालातासरायला, स्टरिज परत चेल्सीला, ली चुंग-योंगचा पाय मोडला, स्टुअर्ट होल्डनचा गुडघा गेला, जानेवारी 2012मध्ये गॅरी केहिलही विकला गेला. 2011-12मध्ये 77 गोल खाऊन बोल्टन एका गुणाने उतरलं. त्याच वसंतात फाब्रिस मुआम्बा टॉटनहॅमच्या मैदानावर कोसळला. त्या दिवसांतलं कॉयलचं खेळाडूच्या घरच्यांशी आणि संघाशी वागणं त्याच्या टीकाकारांनीही नावाजलं. माणूस सांभाळण्यात तो पैकीच्या पैकी.

विगनमध्ये 2013ला त्याला एफए कप विजेता पण खाली घसरलेला संघ मिळाला, सोबत युरोपा लीगचा भार. गुरुवारी युरोप, रविवारी दुसऱ्या श्रेणीतली चॅम्पियनशिप. या पद्धतीला आठवड्यात मोकळे दिवस लागतात, ते नव्हते. डिसेंबरला करार संपला. अमेरिकेच्या ह्यूस्टन डायनॅमोत प्ले-ऑफ हुकले, स्कॉटलंडच्या रॉस काउंटीतही जमलं नाही.

ब्लॅकबर्नचं प्रकरण आपल्याकडच्या वाचकांनी खास पाहावं. व्यंकीजकडे हा क्लब नोव्हेंबर 2010पासून आहे आणि प्रेक्षकांचा मालकांवरचा राग तेव्हा कॉयलच्या आधीपासून धुमसत होता. त्यात आणलेला माणूस बर्नली आणि बोल्टन या दोन शेजारी वैऱ्यांकडचा. ऑगस्ट 2016मध्ये शेन डफी ब्रायटनला आणि ग्रँट हॅन्ली न्यूकॅसलला गेला. म्हणजे दोन्ही सेंटर-बॅक हंगामाच्या तोंडावर बाहेर. ज्या यंत्राचा सगळा भार दोन सेंटर-बॅकवर, त्याचे नेमके तेच दोन बोल्ट काढले. फेब्रुवारीत मँचेस्टर युनायटेडकडून कपात 1-2 हरल्यावर दोन दिवसांत करार संपला, तेव्हा संघ खालून दुसरा होता. हंगामाअखेर तो तिसऱ्या श्रेणीत गेला. इथे प्रशिक्षकाला पूर्ण माफी नाही, पण असा संघ हातात आल्यावर फुलबॅकना मागे थांबवणं हा साधा उपाय होता आणि तो त्याने पुरेसा केला नाही, हा माझा आक्षेप.

चेन्नईयिनच्या दुसऱ्या कराराला मिळेल ते 'ठीक'. 2023-24मध्ये सहावा क्रमांक, मग फातोर्ड्यावर एफसी गोवाकडून 1-2. पुढच्या हंगामात नोव्हेंबरमध्ये जमशेदपूरला त्यांच्याच घरी 5-1 धुतलं आणि हंगाम संपला तेव्हा 24 सामन्यांत 27 गुण, 13 संघांत अकरावा. दोन्ही गोष्टी एकाच संघाच्या. जमेला धरायचं तर अंबरनाथचा फारुख चौधरी. गुडघ्याच्या मोठ्या दुखापतीनंतर तो याच संघातून उभा राहिला आणि ऑक्टोबर 2024मध्ये व्हिएतनामविरुद्ध भारतासाठी गोल करून आला. 2025च्या जुलैमध्ये कॉयलच्या जागी गोव्याचा क्लिफर्ड मिरांडा आला.

बसवण्याच्या अटी थोडक्यात. हंगामाच्या मध्यावर, गोल आटलेले, पण बचाव धड असलेला संघ असेल तर दुसरा विचार न करता घ्यावा. पहिल्या तीन-चार आठवड्यांतच फरक दिसतो. सोबत त्याचा जुना सहकारी सँडी स्ट्युअर्ट मिळत असेल तर तोही घ्या, स्कॉटलंडपासून जमशेदपूरपर्यंत ही जोडी एकत्र राहिली आहे. परदेशी कोट्यातल्या किमान दोन जागा सेंटर-बॅकसाठी राखा आणि ते जानेवारीत विकू नका. लेखी घ्या, पाहिजे तर. सगळे परदेशी पुढच्या फळीत भरले तर दोन महिने टाळ्या आणि नंतर तक्ता उलटा. नव्या, विस्कळीत, पैशाला नड असलेल्या किंवा प्रेक्षक आधीच चिडलेल्या क्लबने या वाटेला जाऊ नये.

थंडीतही टचलाइनवर हाफ पँटमध्ये उभा राहणारा हा गृहस्थ पाहायला मजा येते, हे वेगळं. प्रेक्षकाला साडेचार तारे. मालकाला तीन, आणि सेंटर-बॅक आधीच घेऊन ठेवले असतील तर चार.